तीन तासांची रात्र

घड्याळ लावत नाही मी.
दर तीन तासांनी बाजेवर चढून येते सोंड,
आधी कानाशी, मग काखेत, मग थेट ओठांवर,
ओली, जरा रवाळ, आंबूस,
आणि हुंगून नोंद करते
की आज लेकुपे आहे, काल लोलोजू होता.

एका पिल्लाला एकच माणूस द्यायचा नाही, असा नियम आहे.
माणूस रजेवर जातो, तापाने पडतो,
आणि पिल्लू दूध सोडून देतं.

दूध शेळीचं. आसपासच्या वस्त्यांतून
बायका पिळून पाठवतात, मोटरसायकलवर कॅन लटकवून,
आणि महिनाअखेरी मोबाइल वाजायची वाट बघतात.
मनगटावर थेंब पाडून बघतो मी. कोमट.
दोरीवर राखाडी ब्लँकेट टांगलेलं,
त्याच्या आडून बाटली पुढे करायची,
कारण तिच्या तोंडाला वर एक पोट लागतं.
ब्लँकेट कुणाला फसवत नाही, निदान मला तरी तसं वाटतं.
पण सोंड त्या लोकरीला टेकवल्याशिवाय
ती घोट गिळत नाही.

दिवसा चिखल, माती, बाभळीच्या शेंगा.
कानांमागची कातडी उन्हाने सोलते
म्हणून छत्री धरून चालतो तिच्या शेजारी.
माझे वडील याच वाटेने भाला धरून चालायचे,
याच जनावरांना
गुरांपासून लांब ठेवत.

धाकटा मंगळवारी गेला.
संध्याकाळी पूर्ण बाटली प्यायला होता.
पहाटे उठलाच नाही.
लोलोजूला त्याच रात्री दुसऱ्या पिल्लाची पाळी दिली.
तो काही बोलला नाही,
बाटली धूत राहिला,
धुतलेलीच.

घरी जातो तेव्हा नासिएकू दाराशी थबकते.
चार वर्षांची आहे. म्हणते, हत्तीचा वास येतो तुला.
दोनदा साबण लावतो.
रात्री आपोआप जाग येते, मग पुन्हा तीन तासांनी.
तिचं पांघरूण सारखं करतो.
ती गाढ झोपलेली, तिला काही नको असतं,
तरी मी जरा वेळ हात पुढे धरून बसतो
अंधारात.

दुपारी पाहुणे येतात, दोरीपलीकडे उभे राहतात.
ही कुठे सापडली?
विहिरीत, मी सांगतो. म्हणून नाव न्कारे, म्हणजे पाणी.
कोरड्या नदीच्या वाळूत, पाच पुरुष खोल.
आमच्याकडे हे माप खरंच पुरुषांनी मोजतात:
पाच जण एकाखाली एक उभे, उघडे, घामेजलेले,
बादल्या वर सरकवत.
प्रत्येक घराण्याचं आपलं गाणं,
ते ओळखून ज्याची त्याची गुरं पुढे येतात.
माणसं गेली की रात्री हत्ती येतात.
आईची सोंड पाण्याला पोचते.
पिल्लाची पोचत नाही, म्हणून ते आणखी वाकतं.

इथे थांबतो आणि छत्री नीट करतो.
पाहुणे हळहळतात, फोटो काढतात.
विहीर कुणाची, हे आजवर
कुणी विचारलेलं नाही.
त्या विहिरीचं गाणं मला येतं.
दुसऱ्या पायरीवरून, माझ्या भावाच्या डोक्यावरून,
सतरा उन्हाळे म्हटलंय.

एकदा इथे चुकून गुणगुणलो.
ती पीत होती. थांबली.
कान पसरले, मागचा पाय भिंतीला लागला.
मी गप्प झालो.
किती वेळ गेला कुणास ठाऊक,
मग ब्लँकेटखालून सोंड आली
आणि माझ्या घशावर टेकली,
आवाज जिथून येत होता बरोबर तिथे.
तिने काय ठरवलं, मला कळलं नाही.

पावणेतीन झाले असतील.
बाजेखाली गवत सळसळतंय.
हो, मीच आहे. थांब,
बूच घट्ट बसलंय.